साडेतीन वर्षं तारखाच घेतल्या, आता कुठे जाऊ?

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या 28 वर्षांच्या वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वकिलीची सनद घेऊन त्यांना साडेतीन वर्षं झाली, आणि पहिल्या दिवसापासून त्या एकाच सीनियरकडे आहेत. सीनियर दिवाणी कामातले नावाजलेले, शिवाय वडिलांच्या ओळखीचे. महिन्याला पाच हजार मिळतात, तेही अधूनमधून अडकतात. सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) बघायचा, मुदतीचे अर्ज द्यायचे, नकला काढायच्या, साहेब दुसऱ्या कोर्टात असले की ‘येत आहेत’ म्हणत उभं राहायचं, असा दिवस जातो. उलटतपास, म्हणजे समोरच्या बाजूच्या साक्षीदाराला प्रश्न विचारणं, आजवर एकही घेतलेला नाही. वर्गातली एक मैत्रीण पुण्यात कंपनीत करारनामे तपासते आणि वर्षाला सात लाख मिळवते. आईवडील म्हणतात, जेएमएफसीची (कनिष्ठ स्तर न्यायाधीशाची) परीक्षा दे, सगळे प्रश्न मिटतील. स्वतः त्यांच्या मनात कोल्हापूरला सुरू झालेलं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (मुख्यालयाबाहेर बसणारं न्यायपीठ) आहे, पण सीनियर म्हणतात, ‘तिथं इंग्रजी लागतं, ते तुझं काम नव्हे.’ घरात लग्नाची बोलणी सुरू आहेत. त्या विचारतात: ‘माझी साडेतीन वर्षं वाया गेली का? आणि यातली नेमकी कुठली वाट धरू?’

नमस्कार.

तुम्ही प्रश्न वाटेचा विचारलाय, पण पत्र भरलंय सीनियरबद्दलच्या ओळींनी. दिवाणी कामाचा कंटाळा आलाय असं तुम्ही एकदाही लिहिलेलं नाही. उलट एका वाटपाच्या दाव्यात जुन्या फेरफारांवरून तीन पिढ्यांची वंशावळ तुम्ही कशी जुळवलीत, त्यात एका बहिणीचं नाव कुठल्या साली गळलं ते कसं सापडलं, याबद्दल तुम्ही इतकं रंगून लिहिलंय की तेवढ्यापुरतं पत्र तक्रारीचं वाटतच नाही. मग दाव्याची तारीख आली, साहेब उभे राहिले आणि तुम्ही मागे फाईल धरून बसलात. दुखणं तिथं आहे.

म्हणून आधी एवढं वेगळं करूया. क्षेत्र चुकलंय, असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं दिसत नाही. क्षेत्रात हात घालू दिलेला नाही, असं दिसतं. या दोन आजारांची औषधं वेगळी आहेत. दिवाणी काम मनातून उतरलं असेल तर कंपनी, परीक्षा, दुसरी शाखा हे सगळे रास्त पर्याय. पण साहेब उलटतपास देत नाहीत म्हणून कंपनीत गेलात, तर कोर्टात उभं राहणं आपल्याला जमलं असतं का हे तुम्हाला कधीच कळणार नाही. ते न कळण्याची खंत मी चाळिशी उलटलेल्या माणसांमध्ये पाहिलेली आहे. ती पगाराने जात नाही.

आता ‘वाया गेली का’ याबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. हे पद म्हणजेच आपल्याकडचं जेएमएफसी. नुसती पदवी घेऊन आलेल्या तरुणाला खटला चालवणाऱ्यांच्या अडचणी कळत नाहीत, असा त्यामागचा विचार. ही वर्षं तात्पुरत्या नोंदणीपासून मोजायची, असंही त्या निकालात म्हटलंय. म्हणजे ज्याला तुम्ही ‘वाया’ म्हणता, ती आज पात्रता आहे. पुण्यातल्या तुमच्या मैत्रिणीला उद्या न्यायाधीश व्हावंसं वाटलं, तर तिच्याकडे नेमकी तीच नसेल. मोफत वकील पुरवणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलचंही, म्हणजे वकिलांच्या यादीचंही, तसंच. तीन वर्षांपेक्षा कमी वकिली असलेल्याला सहसा तिथं घेत नाहीत. तुम्ही ती रेषा ओलांडलेली आहे. पत्रात मात्र पॅनेलचा उल्लेखही नाही, याचं मला नवल वाटलं. त्यावर पुढे येते.

तरीही गोड बोलून तुम्हाला फसवायचं नाही. साडेतीन वर्षांत एकही उलटतपास नाही, हे चांगलं लक्षण नव्हे. पहिलं वर्ष दीड वर्ष असं जाणं साहजिक आहे. पक्षकार साहेबांच्या नावावर आलेला असतो, फी त्याने साहेबांच्या तोंडाकडे बघून दिलेली असते. ज्युनियर उभी राहिली की तो बार रूमच्या दारात येऊन कुरकुर करतो. सीनियरलाही धास्ती असते, कारण उलटतपासातला एक चुकीचा प्रश्न दाव्याचं वाटोळं करतो आणि तो नंतर पुसता येत नाही. हे सगळं मान्य. पण तीन वर्षांनंतरही एखाद्या चेक न वटल्याच्या, म्हणजे 138 च्या केसमधला साधा साक्षीदार ज्युनियरच्या हाती येत नसेल, तर तो सावधपणा राहिला नाही, सोय झाली. तुम्ही तारखा छान सांभाळता. म्हणूनच तुम्हाला तिथून कुणी हलवत नाही.

या आठवड्यात एक काम करा. तुमच्या केस डायऱ्या बाहेर काढा आणि एका वहीत फक्त तेवढंच लिहा जे तुमच्या हातचं होतं. कुठल्या दाव्याची वादपत्रं तुम्ही लिहिलीत, कैफियती (प्रतिवादीची लेखी उत्तरं) किती, निशाणी 5 चे म्हणजे तात्पुरत्या मनाईचे अर्ज किती, सरतपासाची (आपल्याच साक्षीदाराच्या साक्षीची) शपथपत्रं कुणाची, कुठल्या निकालाचा संदर्भ तुम्ही शोधलात आणि तो निकालपत्रात आला. मुदतीचे अर्ज त्यात धरू नका. ही यादी तुम्हाला वाटते त्यापेक्षा लांब निघेल असा माझा अंदाज आहे, कारण वंशावळ जुळवणारी ज्युनियर मसुदेही लिहीत असणारच. आणि ती आखूड निघाली तर तेही कळलेलं बरं. पुढे सीनियरशी बोलताना, दुसऱ्या चेंबरमध्ये जाताना, अगदी मुलाखतीतही हीच वही उपयोगी पडेल.

सीनियरशी तुम्ही अजून बोललेल्याच नाही, हे पत्रातून स्पष्ट दिसतं. ‘ते वडिलांसारखे आहेत, कसं बोलणार?’ असं लिहिलंय. वडिलांसारखे आहेत म्हणून तर बोलायला हवं. पण ‘साहेब, मला संधी द्या’ असं मोघम बोलू नका; त्यावर ‘देऊ की’ हे उत्तर ठरलेलं आहे आणि ते द्यायला काहीच खर्च येत नाही. बोर्डावरची एक केस निवडा. छोटी, पैशाच्या वसुलीची किंवा चेकची, जिथं साक्षीदार साधा आहे. उलटतपासाचे प्रश्न लिहून काढा, कुठला प्रश्न कशासाठी आणि तो कुठल्या कागदावर टेकतो हे समासात लिहा, आणि तारखेच्या आठवडाभर आधी तो कागद साहेबांसमोर ठेवा. म्हणा, ‘साहेब, हे बघून द्या. तुम्ही शेजारी बसा, मी विचारते. काही राहिलं तर तुम्ही उठा.’ या मागणीला नकार द्यायला साहेबांना कारण शोधावं लागेल. कारण काय देतात ते ऐका. प्रश्नांवर लाल रेघोट्या मारून दिल्या आणि म्हणाले, अजून तयारी हवी, तर तुम्हाला शिक्षक मिळाला, राहा. ‘बघू नंतर’ दोनदा ऐकलंत, की तिथलं शिक्षण संपलं असं समजा.

पैशाचा विषय त्याच दिवशी काढू नका. वेगळा काढा, पण काढा. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढून ज्युनियरना शहरी भागात महिन्याला किमान 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार द्यावेत असं सुचवलं. ते बंधनकारक नाही, आणि तालुक्यातले सगळेच सीनियर ते देऊ शकतील असंही नाही. काहींची स्वतःचीच ओढाताण असते. पण पाच हजारांवर बोलणं सुरू करायला तो आकडा उपयोगी आहे. साहेब रक्कम वाढवू शकत नसतील तर दुसरं मागा: आठवड्यातला एक दिवस मोकळा, आणि स्वतःच्या वकीलपत्रावर काम घ्यायची मुभा. माझ्या मते पैशांपेक्षा हा सौदा मोठा आहे.

कारण त्या मोकळ्या दिवसात पॅनेलचं काम बसतं. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. मानधन फार नाही, बिलं उशिरा निघतात, हे आधीच सांगते. पण तिथल्या फाईलवर वकील म्हणून तुमचं नाव असतं, आणि उलटतपास तुम्हालाच घ्यावा लागतो. कोणी ‘साहेब कुठायत’ विचारत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यामुळे पोटगी, कौटुंबिक हिंसाचार, माहेरच्या जमिनीतला हिस्सा अशी कामं तिथं येतात. तालुक्याला या बायका पुरुष वकिलासमोर निम्मंच बोलतात. नाशिकला 1866 साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पण बाई म्हणून त्यांना बराच काळ सनद मिळाली नाही. त्या काळात त्यांनी पडद्यातल्या स्त्रियांच्या इस्टेटींची कामं हाती घेतली, कारण त्या घरांत पुरुष वकिलाला पाऊलच टाकता येत नव्हतं. तुमच्या तालुक्यात पडदा नाही, पण कुलूप लावलेली तोंडं आहेत. वंशावळीतून गळलेली बहीण शोधायची नजर तुमच्याकडे आहे, आणि तिच्यासारख्या बहिणी वकील शोधत असतात. हा योग सोडू नये असं मला वाटतं.

(नुकतीच सनद घेतलेल्या आणि फौजदारीकडे ओढा असलेल्या वाचकांसाठी जाता जाता: आरोपींना मोफत वकील देणाऱ्या, जिल्ह्याच्या ठिकाणच्या लोकअभिरक्षक कार्यालयातली सहायक पदं नवोदितांसाठीच असतात. पूर्णवेळ काम, दरमहा ठरलेलं मानधन, खासगी केसेस घेता येत नाहीत. पण जामीन, रिमांड आणि साक्षी यांत पहिल्या वर्षापासून उभं राहायला मिळतं.)

आता पुण्याची मैत्रीण. सात लाख म्हटलं की आपल्याला महिन्याचा आकडा दिसतो, दिवस दिसत नाही. तिचा दिवस तिला विचारा. कंपनीच्या विधी विभागात काम चांगलं असतं, सुट्ट्या असतात, कोणी कोर्टाच्या जिन्यात तासभर उभं करत नाही. काही जण तिथे मनापासून रमतात. माझ्या ओळखीची एक जण जिल्हा न्यायालयात पाच वर्षं काढून एका औषध कंपनीत गेली. दावा लागल्यावर करारातलं कुठलं कलम अंगाशी येतं हे तिला कोर्टात बघून ठाऊक होतं, म्हणून तिथं तिची किंमत झाली. दुसरा एक जण पदवीनंतर थेट गेला. चार वर्षं एकाच छापाचे गोपनीयतेचे करार तपासले, आणि आता कोर्टात परतायचं म्हणतो तर पुन्हा पहिल्या पायरीवर.

तुम्हाला माहीत असेलच, पण बऱ्याच वाचकांना नसतं म्हणून लिहिते. बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली करता येत नाही. नोकरीची माहिती बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाला कळवून सनद स्थगित करावी लागते. ती वर्षं वकिलीत धरली जात नाहीत, आणि वकिलीच्या वर्षांवर पुढची किती तरी दारं उघडतात: नोटरी व्हायला साधारणपणे दहा वर्षं, सरकारी वकील किंवा थेट जिल्हा न्यायाधीश व्हायला सात. सनद न कळवता कपाटात ठेवून नोकरी करणारे आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

परीक्षेबद्दल थोडक्यात. न्यायाधीश व्हायचं असेल तर जरूर व्हा, पण आईवडिलांना वाटतं तसे त्याने सगळे प्रश्न मिटत नाहीत. ठराविक काळाने बदली होते. आज सांगली, मग गडचिरोली किंवा नंदुरबार. ज्या बार रूममध्ये आज चहा पिता तिथं पुन्हा बसता येत नाही, आणि नातेवाइकांच्या लग्नातही माणूस जपून बोलतो. ज्यांना ऐकायला आणि निवाडा लिहायला आवडतं ते तिथं फुलतात. ज्यांना भांडायला आवडतं ते खुर्चीत घुसमटतात. तुम्ही कशात मोडता ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, स्वतःला विचारा. द्यायची ठरवलीत तर लोकसेवा आयोगाची जाहिरात आल्यावर वयाची आणि वकिलीच्या प्रमाणपत्राची अट स्वतः वाचा, क्लासवाल्यांच्या फलकावर विसंबू नका. ते प्रमाणपत्र दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाकडून, तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याच्या शिक्क्यानिशी चालतं. साहेबांशी भांडून निघू नका म्हणण्यामागे हेही एक कारण आहे. आणि किती प्रयत्न करायचे ते आधीच ठरवा, कोर्ट सोडून पुण्यात खोली घेऊन बसू नका.

आता कोल्हापूर, ज्याबद्दल तुम्ही पत्रात सर्वात कमी आणि सर्वात घाबरत लिहिलंय.

चार दशकांहून जुनी मागणी होती ती. 17 ऑगस्ट 2025 रोजी उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवशी कामकाज सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं उच्च न्यायालयातलं काम तिथं आलं. आधी अपील म्हटलं की तालुक्याचा पक्षकार रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायचा, तिथला वकील कोण हे सीनियरने ठरवलेलं असायचं, आणि फाईल एकदा पाठवली की तालुक्याच्या वकिलाचा तिच्याशी संबंध संपायचा. आता तुमच्या तालुक्यातून दीड-दोन तासांवर बेंच आहे. पक्षकार सकाळी निघून संध्याकाळी घरी येतो, आणि तो आपल्या वकिलाला विचारतो, ‘मॅडम, तुम्ही याल ना?’

सीनियर म्हणतात इंग्रजी लागतं. लागतंच, उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. पण खालच्या कोर्टातला पुरावा कुठल्या भाषेत आहे? साक्षी मराठीत, कैफियत मराठीत, फेरफार मराठीत, आणि जुने असतील तर मोडीत. दुसऱ्या अपिलात कायद्याचा ठोस प्रश्न काढायचा तर आधी त्या मराठी कागदांच्या ढिगातून तो सापडायला हवा. इंग्रजी उत्तम असलेली पण सात-बाराचा रकाना न वाचता येणारी तरुण मंडळी बेंचच्या आवारात तुम्हाला भेटतील. त्यांना फेरफार उलगडून सांगणारं माणूस हवं असतं. तुम्ही ते आजच करू शकता. इंग्रजी मसुदा जमायला तुम्हाला वर्ष लागेल, पण फेरफार वाचायला त्यांना त्याहून जास्त वेळ लागेल.

म्हणून चंबूगबाळं आवरून कोल्हापूरला खोली करू नका. सध्या नको. साहेबांच्या ज्या दाव्यांचे निकाल लागलेत आणि अपील होणार आहे, त्यांची यादी करा. त्यातल्या एखाद्या अपिलात, जो वकील कोल्हापुरात उभा राहणार आहे, त्याच्यासाठी तुम्ही घटनाक्रमाची तारीखवार टिपणी आणि महत्त्वाच्या साक्षींचा इंग्रजी गोषवारा करून द्या, आणि सुनावणीला स्वतः जा. साहेबांनाही हे सोयीचं आहे, कारण पक्षकार त्यांच्याकडे टिकतो. ‘इंग्रजी तुझं काम नव्हे’ म्हणणाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा एक गोषवारा टेबलावर ठेवलेला बरा. महिन्यातून दोन दिवस कोर्टात नुसतं मागच्या बाकावर बसलात तरी चालेल. जामीन कसा मागतात, रिट दाखल करून घेण्याच्या टप्प्यावर न्यायमूर्ती पहिला प्रश्न कशावर विचारतात, हे पुस्तकातून कळत नाही. इंग्रजी बोलण्याचे वर्ग लावू नका. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरून जमिनीच्या वादाचं एक निकालपत्र रोज उतरवा, वाचा, आणि अर्ध्या पानात त्याचा सारांश हाताने लिहा. कोर्टातल्या इंग्रजीला शब्द थोडे लागतात आणि ते पुन्हा पुन्हा तेच असतात.

‘मोठ्या कोर्टात जायचं तर सुरुवातही तिथंच हवी होती’ असं एक वाक्य तुमच्या पत्रात आहे. न्यायमूर्ती अभय ओक यांनी 1983 साली ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात, वडिलांच्या चेंबरमध्ये सुरुवात केली, आणि निवृत्त झाले सर्वोच्च न्यायालयातून. न्यायमूर्ती भूषण गवई 1985 मध्ये वकिलीत आले, मुंबईत काही वर्षं काढली आणि मग मुंबई सोडून नागपूर खंडपीठात गेले. तिथं महानगरपालिका आणि विद्यापीठ यांची कामं केली, सरकारी वकील झाले, 2003 मध्ये न्यायमूर्ती, 2025 मध्ये सरन्यायाधीश. आपल्याला वास्तुविशारद व्हायचं होतं, वकिली ही वडिलांची इच्छा, हेही त्यांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे. कोल्हापूर बेंचचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते झालं. अर्थात ओकांच्या घरी वकिली होती आणि गवईंचे वडील मोठे नेते होते. तुमच्या वडिलांच्या ओळखीचा एक सीनियर एवढंच तुमचं भांडवल आहे, हे मी विसरलेली नाही. ही नावं मी यश दाखवायला घेतली नाहीत. रस्ता कुठून कुठे वळला ते पाहा, एवढ्यासाठीच.

पैशाची तंगी आणि वकिली यांचं नातंही नवं नाही. डॉ. आंबेडकरांनी 1923 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली, आणि 1925 पासून तीनेक वर्षं ते बाटलीबॉय यांच्या हिशेबनीसांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. ही वाट आजही खुली आहे. 1979 च्या नियमांप्रमाणे वकिलाला सनद न सोडता दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. सांगली, कोल्हापूर, सातारा भागातल्या विधी महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर जागा निघतात. त्यासाठीची शैक्षणिक अट बघून घ्या. एलएलएम केलेलं नसेल तर ते करायचं का हा वेगळा विचार. पाच हजारांत महिना काढणारीला अशी जोड मिळाली, तर मनाविरुद्ध कंपनीत जायची घाई उरत नाही.

एका दाराकडे तालुक्यातले बहुतेक वकील नाक मुरडतात, आणि तुम्हीही पत्रात मुरडलंय: महसुली काम. ‘तहसीलला कोण फिरणार’ असं लिहिलंत. फिरणारे चांगले कमावतात. फेरफाराची हरकत, मामलेदार कोर्टातला रस्त्याचा दावा, प्रांतांकडचं अपील, भूसंपादनाचा मोबदला, कूळकायद्याची जुनी प्रकरणं या सगळ्यांना वकील लागतो, आणि कागद वाचणारा वकील फारच थोड्या वेळा मिळतो. माझे एक स्नेही वीस वर्षं प्रांत कार्यालय आणि कलेक्टर कचेरी याच फेऱ्यांत आहेत. बार रूममध्ये त्यांना कोणी ‘मोठे वकील’ म्हणत नाही, पण रस्त्याच्या वादात जिल्ह्यातले दिवाणी सीनियरही संध्याकाळी त्यांनाच फोन करतात. त्या कचेऱ्यांत ताटकळावं लागतं, चिरीमिरीचा वास असतो, बाई एकटी दिसली की शिपाईही उगाच उपदेश करतो. हे खरं आहे आणि याचा त्रास होतो. पण महसुलातली तुमची नजर तयार आहे, दिवाणी दाव्यांचं मूळही बहुतेक तिथंच असतं, आणि पुढे कोल्हापुरात जी रिट जातील त्यांतली बरीच या आदेशांविरुद्धची असतील. तालुका, प्रांत आणि बेंच अशी एक सलग साखळी तुमच्या हाती येऊ शकते. पुण्यात बसलेल्या कुणाला ती जोडता येणार नाही.

लग्नाचं मी सांगावं असं त्यात फार नाही. फक्त बोलणी करताना स्थळ सहा जिल्ह्यांतलं असलं तर वकिली चालू राहते, मुंबई किंवा परदेशात गेलात तर नव्याने सुरुवात करावी लागते. हा हिशेब मुलाकडच्यांसमोर उघड मांडा. ‘लग्नानंतर बघू’ या उत्तरावर सनद सोडू नका.

आता क्रम. आधी डायऱ्यांची वही. मग उलटतपासाचा कागद घेऊन साहेबांकडे. पॅनेलचा अर्ज त्याच पंधरवड्यात द्या, त्याला साहेबांच्या परवानगीची गरज नाही, पण त्यांना आधी सांगा. कोल्हापूरची पहिली फेरी पुढच्या महिन्यात. सहा महिन्यांत एकही साक्षीदार हातात आला नाही, तर जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा कोल्हापुरात दुसरं चेंबर शोधा. जाताना साहेबांना पेढे देऊन जा, फाइलींची यादी करून किल्ली परत द्या, आणि त्यांचा एकही पक्षकार स्वतःहून सोबत नेऊ नका. आणि तेव्हाही पुण्याचा पगार मनात घोळत असेल तर मैत्रिणीकडे चार दिवस राहून या, तिच्या टेबलाशेजारी बसा, आणि तिथून परतल्यावरच सनद स्थगित करायचा अर्ज लिहायला घ्या.